सहा वेळा तीन

आमच्या हिम्मतरावकाकांना वेळेवर आलेला माणूस फारसा आवडत नसे. वेळेच्या आधी आलेला आवडे. वेळेवर येणारा नुसता नशिबानं सुटलेला असतो, असं त्यांचं मत होतं. लग्नाला ते इतक्या लवकर पोचत की एकदा मांडववाल्यानं त्यांच्याच हातात दोरी दिली होती, आणि काकांनी ती बांधलीही.

ते शहराच्या बस खात्यात टाइमकीपर होते. कुकटपल्लीच्या स्टँडवर पत्र्याची एक खोली, तीत टेबल, भिंतीवर एक घड्याळ आणि काकांच्या मनगटावर दुसरं. भिंतीवरचं सरकारी असल्यामुळे त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ लिहायची, उशीर झाला की लाल पेन्सिल. हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. ड्रायव्हर लोक चहा पाजून 'राइट टाइम' लिहून घ्यायला बघत. काका चहा पीत आणि लाल पेन्सिलच उचलत. त्यामुळे चहा पाजणारे हळूहळू कमी झाले.

घरीही तेच. मी उदगीरहून एम.ए. करायला हैदराबादला आले आणि विद्यानगरला त्यांच्या दोन खोल्यांत राहू लागले. त्यांची बायको गंगूमावशी ही माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. पहिल्याच आठवड्यात काकांच्या वहीत माझी नोंद झाली : 'राणी, सायं. ७.१२. उशीर १२ मि. कारण : मैत्रीण.' दूधवाला, पेपरवाला, नळाचं पाणी, वीज गेली कधी आणि आली कधी, सगळं त्या वहीत. मावशी त्या वहीला सवत म्हणायची. "तुमच्या दुसरीला कव्हर घाला, मळायलीय," असं ती भाजी निवडता निवडता म्हणे, आणि काका खरंच उठून पेपरचं कव्हर घालत.

साल सत्त्याण्णव. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि खात्यातही बोलवा होती की टाइमकीपरच्या जागी आता मशीन येणार. आम्ही काकांना चिडवत असू. ते शांतपणे म्हणत, "मशीनला गाडी कधी आली ते कळंल. ड्रायव्हर खोटं बोलायलाय, हे कसं कळंल?" त्यावर आम्ही आणखी हसत असू.

मग मावशी पडली. हिमायतनगरला साडीच्या फॉलचं दुकान होतं, तिथं उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. तपासलं तर अंगात रक्त निम्मं. तीन वर्षं पाळीला भलतंच जायचं, पोटात कळा यायच्या, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. गर्भाशयात गाठी होत्या. दोन महिने औषध देऊन रक्त वाढवायचं आणि मग पिशवी काढायची, असं ठरलं.

नर्सिंग होम हिमायतनगरातच होतं. डॉक्टर अपर्णा म्हणून होत्या, पुण्याच्या. नवरा कॉम्प्युटरच्या नोकरीत, त्याच्यामागे त्या हैदराबादला आलेल्या. त्यांची मराठी इतकी स्वच्छ होती की काका त्यांच्यापुढे खुर्चीत ताठ बसत. आपल्या हिशेबात काही चुकलं आहे आणि साहेब तपासणीला आले आहेत, असा त्यांचा चेहरा होई.

"ऑपरेशन करा," मावशी डॉक्टरांना म्हणाली. "पण मला सुई नको."

सुई म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. भामामावशी ही या बहिणींतली थोरली. तिचं हेच ऑपरेशन उदगीरला झालं होतं. नंतर दुखायचं म्हणून एक कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन देऊन जायचा. आधी दुखण्यासाठी, मग झोपेसाठी, मग नुसतंच. अडीच वर्षं. भामामावशीच्या दंडांना गाठी झाल्या. चार वाजले की ती दारात येऊन बसायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. नातवंडं हाक मारत, तिला ऐकू जात नसे. गंगूमावशी तिला भेटून आली त्या दिवशी जेवली नव्हती. ऑपरेशनला ती भीत नव्हती. ऑपरेशनमधून उठून आपण दारात बसलेली भामा होऊ, याला ती भीत होती.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "ते इंजेक्शन अफूच्या जातीचं असतं. आम्हीही ते कमीत कमी द्यायला बघतो. त्याशिवाय बरंच काही करता येतं." टाके घालताना जखमेच्या कडांना बधिर करायचं औषध मारायचं, नंतर दोन प्रकारच्या गोळ्या आलटून पालटून द्यायच्या, पोटाला पट्टा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी उठवून चालवायचं. इंजेक्शन हाताशी ठेवायचं, पण लागलं तरच.

आता काकांचा ताठपणा मोडला. "मॅडम, पोट फाडायचं आणि गोळी द्यायची? ती तर मी डोकं दुखल्यावर घेतो."

"तुम्ही दुखल्यावर घेता. ही दुखायच्या आधी घ्यायची," डॉक्टर म्हणाल्या. "घड्याळ बघून. पांढरी दर सहा तासांनी, गुलाबी दर आठ तासांनी. उशीर झाला की दुखणं पुढं निघून जातं, मग गोळीला ते सापडत नाही." आणि त्यांनी टेबलाच्या खणातून एक छापील तक्ता काढून काकांपुढे सरकवला. वेळ, गोळी, दुखणं किती, सही.

काकांनी तो तक्ता उचलला. जरा लांब धरला, मग जवळ धरला. माझ्या लग्नाच्या वेळी नवऱ्यामुलाचा फोटोसुद्धा त्यांनी इतका निरखून पाहिला नाही. "रकाने लहान आहेत," ते म्हणाले. "मी मोठे आखतो." त्या क्षणी डॉक्टरांनी लढाई जिंकली होती.

'दुखणं किती' हा रकाना मात्र मावशीला पटेना. शून्य म्हणजे काही नाही, आणि दहा म्हणजे ज्यापुढे आणखी दुखणंच नाही, असा आकडा सांगायचा. "ज्याच्या पुढं काही नाही ते मला काय ठाव?" मावशी म्हणाली. "अंदाजानं सांगा," डॉक्टर म्हणाल्या. मावशीनं मान डोलावली आणि घरी आल्यावर काकांना देवासमोर उभं केलं. "मी कितीबी तळमळले तरी तुम्ही सुई मागायची नाही. शब्द द्या."

हा शब्द देणं काकांना जड गेलं. बाहेर ते कितीही कडक असले तरी मावशीचं काही दुखलेलं त्यांना सोसत नसे. तिचा हात भाजला की ते स्टोव्हवर ओरडत. तिला ताप आला की डॉक्टरवर, औषधाच्या दुकानदारावर आणि एकदा तर थर्मामीटरवर ओरडले होते. पण दिला त्यांनी शब्द.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी झालं. 'आत ८.०५. बाहेर ९.५०. राइट टाइम,' काकांनी लिहिलं आणि मगच रुमालानं डोळे पुसले. सव्वीस वर्षांत त्यांनी आठ दिवस सलग रजा पहिल्यांदाच घेतली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर ते स्वतःच्या मोठ्या रकान्यांचा तक्ता घेऊन बसले, आणि त्या वॉर्डचं सुख संपलं.

"सिस्टर, दोन वाजून चार मिनिटं झाली."

"सार, आती हूँ ना. आप बैठो."

"मैं तो बैठाच हूँ. गोळी किधर बैठी है?"

सिस्टर आधी चिडली. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, मग पलीकडच्या बाईच्या आईनं, 'सार, हमारी गोळी का टैम भी देखो' म्हणून आपापले कागद आणून काकांच्या मांडीवर ठेवले. संध्याकाळपर्यंत काका चार खाटांच्या वेळा सांभाळत होते. सिस्टर कपाट उघडताना आधी त्यांच्याकडे बघायला लागली. रात्री बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसत, म्हणून ती पाळी माझी. काकांनी मला ड्यूटी बदलतात तसा चार्ज दिला : तक्ता, दोन पेन्सिली, गजराचं घड्याळ, आणि खाली माझी सही घेतली.

दुखण्याच्या रकान्याची पहिली नोंद मंगळवारी चार वाजता. कमरेखालची बधिरता उतरली होती. सिस्टरनं विचारलं, मावशी म्हणाली, "तीन."

काका हरखून गेले. "तीन! पोट फाडून तीन!" हे त्यांनी शेजारच्या खाटेला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, समोरच्या एसटीडी बूथवरून उदगीरला माझ्या आईला सांगितलं. मॅडम पुण्याच्या असल्या तरी हुशार आहेत, असंही म्हणाले. आठ वाजता पुन्हा विचारलं. तीन. पुढच्या दोन नोंदी माझ्या पाळीतल्या, रात्री बाराची आणि सकाळी आठची. त्याही तीन.

आता हे सांगायला मला लाज वाटते. बुधवारी सकाळी आठ वाजता, काका यायच्या जरा आधी, मी मावशीला आकडा विचारला तेव्हा ती खाटेची लोखंडी दांडी धरून पडली होती. बोटं पांढरी झाली होती. खोकला आला तर तोंडात पदर कोंबून तो ती दाबत होती. सिस्टरनं चालवायला उठवलं तर दोन पावलांत 'चक्कर यायलीय' म्हणून परत पडली. मी म्हटलं, "मावशी, हे तीन नाही."

"तीन लिही," ती म्हणाली. "आठ म्हणलं की ते सुई आणतील. शब्द दिला तरी आणतील. त्यांचं काळीज कुठं घट्ट आहे?"

मी लिहिलं तीन. मी मानसशास्त्रात एम.ए. करत होते.

बारा वाजता तीन. चार वाजता सिस्टरनं विचारलं, मावशीनं भिंतीकडे बघत तीन सांगितलं, आणि काकांनी आकडा लिहिला. मग पेन्सिल तशीच धरून ते तक्त्याकडे बघत राहिले. वरून खाली. पुन्हा वरून खाली.

"राणी, इकडं ये," ते म्हणाले. "काय दिसायलंय?"

"तीन," मी म्हटलं.

"सहा वेळा तीन. काल दुपारपासून आजपर्यंत, गोळीच्या आधी तीन, गोळीच्या नंतर तीन, उठवलं तवा तीन, झोपली तवा तीन." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "सव्वीस वर्षांत कोणती गाडी सलग सहा खेपा एकाच मिनिटाला आलेली मी बघितली नाही. खऱ्या गाडीला दोन मिनिटं इकडं, चार मिनिटं तिकडं होतातच. एक ड्रायव्हर होता, पाच खेपा राइट टाइम आला. मी उठून बघायला गेलो. गाडी अलीकडच्या स्टॉपवर उभी. हा हौला खुळ्यासारखा एकटाच चालत येऊन मला टाइम सांगायला होता."

एरवी मी हसले असते. काका मावशीकडे वळले.

"किती आहे?"

"सांगितलं की. तीन."

"गंगू."

मी दोन वर्षं त्यांच्या घरात राहत होते. 'अगं', 'ऐकलंस का', 'घरात कोणी आहे का', यांतल्या कशानंही ते तिला हाक मारत. नावानं चारचौघांत कधी नाही. मावशीनं भिंतीवरची नजर काढली.

"आठ," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कालपासून. तुम्ही शब्द दिलाय. देवासमोर."

काका उठले. बसले. पुन्हा उठले. शब्द मोडायचा की तिला तशीच तळमळत ठेवायची, हे त्यांना कळेना, आणि कोणत्याच घड्याळात बघून ते कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी तक्ता माझ्या हातात दिला. "शब्द मोडलो तर माझं मी बघून घेईन," असं मावशीला म्हणून ते जवळजवळ पळत डॉक्टरांच्या खोलीकडे गेले.

डॉक्टर अपर्णा आल्या. त्यांनी पोट तपासलं. न चालल्यामुळे पोटात वारा धरला होता, श्वास नीट घेतला नव्हता, पट्टाही कुणीतरी जरा जास्तच आवळला होता. तो त्यांनी सैल केला आणि खाटेच्या कडेला बसल्या. चिडल्या होत्या, पण बेतानं.

"आकडा मी सुई टाळायला विचारत नाही, गंगूताई. सुई कधी लागेल ते कळावं म्हणून विचारते. तुम्ही खोटा सांगितलात तर मला काही दिसत नाही. बहुतेकींचं गोळ्यांवर भागतं. एखादीचं नाही भागत. त्यात तिचा काही गुन्हा नाही."

"मग भामाक्कासारखं झालं तर?"

"भामाताईंना तो कंपाउंडर रोज विचारायचा का, आज किती दुखतंय?"

मावशीनं आठवून बघितलं. "नाही. यायचा, सुई द्यायचा, जायचा."

"मी विचारणार. आज अर्धा डोस देते, तुम्हाला उठून चालता यावं म्हणून. उद्या पुन्हा विचारेन. तुम्ही खरं सांगायचं. नको असेल तर नाही देणार. तुम्ही ठरवा."

मावशी रडली. दुखण्यानं नाही, हे मला तेव्हाही कळलं. रडता रडता पोटावर हात दाबून धरत होती, कारण रडल्यानंही टाके ओढत होते. मग तिनं काकांकडे बघितलं. "तुमचा शब्द मी परत घेतला," ती म्हणाली. "द्या म्हणावं."

काकांनी लाल पेन्सिल उचलली, मग ती खिशात परत ठेवली आणि साध्या पेन्सिलीनं लिहिलं : 'बुध. ४.४०. एक सुई. अर्धी. गंगूच्या मर्जीनं.'

सहा वाजता ती आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून खिडकीपर्यंत गेली. खाली हिमायतनगरचा रस्ता गजबजला होता. ती खिडकीत दोन मिनिटं उभी राहिली आणि काकांनी ती दोन मिनिटं लिहिली. त्यानंतर रकान्यात आकडे आले ते असे : पाच, चार, सहा, चार, पाच, तीन, आणि एकदा अडीच. अडीच बघून काका इतके खूश झाले की त्यांनी तो सिस्टरला नेऊन दाखवला. "आता कसं बराबर वाकडंतिकडं यायलंय!" दुसरी सुई लागली नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचेही सगळे आकडे दोनच होते. काकांनी तिच्या कागदाकडे नुसतं बघितलं, तर ती आपणहून म्हणाली, "छह है, सार."

रविवारी सकाळी घरी सोडलं. मी सामान बांधत होते, मावशी खाटेच्या कडेला बसून साडीच्या निऱ्या सारख्या करत होती. काका स्टुलावर तक्ता उलगडून बसले होते. पाच दिवसांचे कागद चिकटवून त्यांनी तो चांगला हातभर लांब केला होता.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "घरी तीन वर्षं दुखायलं होतं. तवा पण असंच तीन-तीन सांगत होतीस काय?"

मावशी निऱ्या खोचत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. डब्यात साखर संपली म्हणून सांगावं, तसं ती म्हणाली, "घरी विचारलं कोणी?"

मी पिशवीची चेन लावायची थांबले. त्या तीन वर्षांतली दोन वर्षं मीही त्याच घरात होते. सकाळी तिच्या हातची भाकरी खाऊन कॉलेजला जात होते, आणि संध्याकाळी येऊन आपली बारा मिनिटं कशी चुकीची लिहिली यावर भांडत होते. कधीकधी ती ओट्याला धरून वाकून उभी असायची. मला वाटायचं, काहीतरी शोधतेय.

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वेळ ठरवून आलेला होता, आणि आम्हाला उशीर होत होता. काकांनी मनगटाकडे बघितलं नाही. त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं, तक्ता मांडीवर सपाट केला, आणि पेन्सिलीला टोक आहे का ते बोटानं चाचपलं.

"आता किती आहे?"

मावशीनं पोटावर हात ठेवून जरा अंदाज घेतला.

"पाच," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि पाठ पण दुखायलीय. लई वर्षं झाली. ती वेगळी लिहा."